पहिली पंगत, दुसरी पंगत

शस्त्रक्रियेचा इतिहास आजवर बहुतेक शस्त्रवैद्यांनीच लिहिला आणि जेथे टाके काढले जातात तेथेच तो संपवला. यात नवल नाही. लढाईचा वृत्तान्त लिहिणारा बखरकारही विजयाच्या तोफांपाशीच थांबतो; दुसऱ्या दिवशी गावात चुली कशा पेटल्या, हे सांगणे त्याला आपले काम वाटत नाही. परंतु काही शस्त्रक्रिया अशा असतात की त्यांचा खरा वृत्तान्त टाके काढल्यानंतरच सुरू होतो. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया ही त्यांपैकी एक होय. ती दोन-तीन तासांत उरकते. तिच्याशी जुळवून घेण्यात उरलेले आयुष्य जाते.

मी इतिहास शिकवण्यात नोकरीची सर्व वर्षे घालवली आणि निवृत्तीनंतर स्वतःच या शस्त्रक्रियेतून गेलो. तेव्हापासून पुण्यातल्या एका बैठकीत मी महिन्यातून एकदा जाऊन बसतो. अशा बैठका आता शहरात निरनिराळ्या ठिकाणी भरतात. शस्त्रक्रिया होऊन आठच दिवस झालेला माणूस तेथे येतो, तशी आठ वर्षे झालेली बाईही येते. नवा विचारतो, जुनी सांगते. इतके साधे हे काम आहे. पण इतिहासाच्या मास्तराला जुनी खोड असते. कोणतीही साधी गोष्ट दिसली की ती कोठून आली हे पाहिल्यावाचून त्याला चैन पडत नाही. तेव्हा या बैठकीची वंशावळ जशी मला लागली तशी येथे मांडतो.

प्रथम पुण्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. आपल्या या शहराचे आणि जेवणाचे नाते जुने आहे. पेशवाईत श्रावणमासी पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दक्षिणा वाटली जाई आणि ब्राह्मणभोजनांच्या पंगतींवर पंगती उठत, हे आपण शाळेत शिकलो. ती पेशवाई गेली. आग्रह मात्र राहिला. पंक्तीत एकदा ‘नको’ म्हणणे हे लाजणे, दुसऱ्यांदा म्हणणे हा शिष्टाचार आणि तिसऱ्यांदा म्हणणे हा यजमानाचा अपमान, असा आपला हिशेब असतो. पेठांतल्या तालमी हीदेखील याच शहराची शान. तेथे पठ्ठ्याच्या खुराकावर वस्तादाचे जातीने लक्ष असे, आणि खाणे हाच तेथे पुरुषार्थ असे. मूल बाळसेदार असावे, सून अंगाने भरलेली असावी, जावई ‘खात्यापित्या घरचा’ दिसावा, ही आपली सौंदर्यदृष्टी होती. दुष्काळ आणि प्लेग ज्या पिढ्यांनी पाहिले, त्यांनी भरल्या अंगाला सुदैवाची खूण मानले तर त्यांना दोष कोण देईल?

गंमत अशी की, या बाळशाचे पितळ उघडे पडले तेही पुण्यातच. रास्ता पेठेतल्या के. ई. एम. रुग्णालयात मधुमेहाचे संशोधन करणारे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ती बाळे जन्मतः सरासरी २.७ किलो वजनाची होती. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टन येथील बाळे ३.५ किलोंची. म्हणजे आपली बाळे हडकुळी. परंतु त्वचेखालची चरबी मोजली तेव्हा असे दिसले की, स्नायू आणि पोटातले अवयव यांच्या मानाने या हडकुळ्या बाळांची चरबी फारशी घटलेली नव्हती. ‘बारीक-लठ्ठ बाळ’ असे नाव या शोधाला मिळाले. पुढे २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे किलोंतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, अगदी सारखा, २२.३ होता. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के निघाली. काट्यावर दोघे सारखे आणि आतून निराळे. भारतीय माणसाला युरोपियनापेक्षा कमी वजनावरच मधुमेह का गाठतो, याचे एक उत्तर त्या छायाचित्रात होते.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या क्रेमेन, लिनर आणि नेल्सन या शस्त्रवैद्यांनी आतड्याचा बराचसा भाग वगळून वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. वजन उतरले खरे, पण पुढे जुलाब, मूतखडे, यकृताचे विकार असे भोग रुग्णांच्या वाट्याला आले आणि ती पद्धत मागे पडली. १९६६ साली आयोवात डॉ. एडवर्ड मेसन यांनी डॉ. चिकाशी इतो यांच्यासह निराळा मार्ग धरला. व्रणासाठी ज्या स्त्रियांच्या जठराचा मोठा भाग काढला होता त्यांचे वजन उतरते आणि पुन्हा सहजी चढत नाही, हे मेसन यांच्या ध्यानी आले होते. त्यावरून त्यांनी जठराचा वरचा लहानसा भाग वेगळा करून तो थेट आतड्याला जोडला. ‘गॅस्ट्रिक बायपास’ म्हणतात ती हीच. १९९३ साली कॅलिफोर्नियात तीच शस्त्रक्रिया दुर्बिणीतून झाली. पोट फाडावे लागेनासे झाले आणि लोकांची भीती निम्मी झाली. त्यानंतर जठराचा पाऊण हिस्सा उभा कापून केळ्यासारखी एक नळी तेवढी शिल्लक ठेवण्याची ‘स्लीव्ह’ नावाची पद्धत आली, आणि २००० नंतर तीही जगभर पसरली.

पुण्यात ही विद्या रुजली ती याच शतकात. २०१० साली पुण्याचे डॉ. शशांक शहा, डॉ. जयश्री तोडकर आणि त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील डॉ. डेव्हिड कमिंग्ज यांच्यासह १५ भारतीय मधुमेहींवरील बायपासचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या रुग्णांचा बीएमआय २२ ते ३५ च्या दरम्यान होता, म्हणजे पाश्चात्त्य मोजमापाने त्यातले कित्येक शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यापाशीही पोहोचत नव्हते. कारण १९९१ साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी ठरवलेली मर्यादा ४० ची, आणि सोबत दुसरा गंभीर विकार असेल तर ३५ ची होती. २०२२ साली जागतिक संघटनांनी ती खाली आणली. आशियाई माणसांच्या बाबतीत २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार व्हावा असे सुचवले. याज्ञिक आणि युडकिन यांच्या छायाचित्रातला फरक असा नियमांत उतरला.

येथवरचा इतिहास कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात सापडेल. पुढचा सापडत नाही.

शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या माणसाची स्थिती काय असते? त्याच्या जठरात आता एका वेळी जेमतेम वाटीभर मावते. पहिले काही दिवस नुसते पातळ पाणी, ताक, गाळलेले वरण. मग दाट पातळ, मग घोटलेले, मग मऊ. एकेक पायरी चढायला महिना-दीड महिना जातो. जेवताना पाणी प्यायचे नाही. घास पिठासारखा होईपर्यंत चावायचा. घाई केली की छातीत दगड अडकल्यासारखे होते आणि ओकारी होते. बायपास झालेल्याने शिरा किंवा जिलबी खाल्ली तर घाम फुटतो, छाती धडधडते, अंथरुणावर आडवे व्हावे लागते. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस मुठीमुठीने गळू लागतात. बी-१२, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या आयुष्यभराच्या सोबती होतात. वजन उतरता उतरता मध्येच तीन आठवडे ढिम्म हलत नाही. आरशात माणूस निराळा दिसतो, पण बसमध्ये बसताना तो अजून दोघांची जागा सोडून बसतो, कारण मनातले शरीर जुनेच असते.

हे सर्व डॉक्टरांनी आधी सांगितलेले असते. आहारतज्ज्ञ बाईंनी छापील कागदही दिलेला असतो. तरी रात्री अकरा वाजता कंगव्यात केसांचा पुंजका येतो तेव्हा तो कागद काय कामाचा? ‘तात्पुरते आहे, पुन्हा येतील’ हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडी धीर देण्यासाठी म्हटल्यासारखे वाटते. तेच वाक्य जिचे केस गळून पुन्हा आले आहेत अशी बाई स्वतःचा शेपटा पुढे ओढून दाखवत म्हणते, तेव्हा तो पुरावा होतो. ज्ञान दोघांचे एकच, पण साक्ष निराळी. या बैठकींची निम्मी उपयुक्तता मला येथे दिसते.

उरलेल्या निम्म्यासाठी मात्र १९३५ सालात आणि अमेरिकेतल्या अॅक्रन या गावात जावे लागते. न्यूयॉर्कचा शेअर दलाल बिल विल्सन कामासाठी तेथे आला होता. काही महिन्यांपूर्वी त्याने दारू सोडली होती. काम फसले, खिसा रिकामा, आणि हॉटेलच्या दिवाणखान्याला लागूनच मद्याचा गुत्ता. त्या क्षणी त्याला सुचले की, आपल्याला वाचायचे असेल तर आपल्यासारखाच दुसरा एखादा दारुडा गाठला पाहिजे. त्याने गावातल्या धर्मोपदेशकांना दूरध्वनी केले आणि ओळखीतून ओळख निघत १२ मे रोजी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी पडली. डॉक्टर स्वतः शस्त्रवैद्य होते आणि दारूने पुरते गांजलेले होते. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर रात्रीपर्यंत बोलत बसले. १० जून १९३५ हा त्यांच्या दारूचा अखेरचा दिवस. ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ ही संघटना आपला जन्म त्याच दिवशीचा मानते.

या प्रसंगातला मर्म असे की विल्सन परोपकारासाठी गेला नव्हता. तो स्वतःला सावरण्यासाठी गेला होता. उपदेश करणारे त्या डॉक्टरांना यापूर्वी पुष्कळ भेटले असतील. ‘मला तुमची गरज आहे’ म्हणून दारी येणारा हा पहिलाच. मदत देणाऱ्यालाही मदत घेणाऱ्याची गरज असते, हा शोध कोणत्याही औषधाच्या शोधाइतका मोठा आहे असे मला वाटते. हीच कल्पना खाण्याच्या क्षेत्रात शिरायला पंचवीस वर्षे लागली. १९६० साली लॉस एंजेलिसमध्ये ‘ओव्हरईटर्स अॅनॉनिमस’ सुरू झाली. न्यूयॉर्कच्या जीन निडेच या गृहिणीने १९६१ मध्ये आपल्या लठ्ठ मैत्रिणींना घरी बोलावले आणि लपूनछपून काय खातो हे एकमेकींना सांगायला सुरुवात केली. त्यातून १९६३ मध्ये ‘वेट वॉचर्स’ ही कंपनी झाली. त्यात पुढे व्यापार आला हे खरे, पण मूळ बीज त्या दिवाणखान्यातले होते.

पुण्याला हे बीज परके नाही. २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. गर्दच्या व्यसनाने तरुण मुले उद्ध्वस्त होत होती. अनिल अवचट यांनी त्यांच्यावर लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगीचा हात पुढे केला, आणि डॉ. अनिता अवचट, म्हणजे सर्वांच्या सुनंदाताई, यांनी केंद्राला आकार दिला. सुनंदाताई १९९७ साली गेल्या, अवचट २०२२ च्या जानेवारीत गेले. मुक्तांगण चालू आहे. तेथील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जो येथे रुग्ण म्हणून आला तोच बरा झाल्यावर कार्यकर्ता झाला, समुपदेशक झाला. नव्याने दाखल झालेल्या मुलाचे हातपाय थरथरत असताना त्याच्या उशाशी बसणारा माणूस कधीकाळी स्वतः तसाच थरथरला होता. मदतीची ही साखळी अशी आहे की तिची शेवटची कडी कधी येतच नाही.

व्यसनाचा आणि वजनाचा संबंध मी ओढूनताणून लावतो आहे असे कोणास वाटेल. तसे नाही. २०१२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात सुमारे दोन हजार शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची दारूविषयी पाहणी झाली. शस्त्रक्रियेपूर्वी ७.६ टक्के लोकांना मद्याचा विकार होता. पहिल्या वर्षी ७.३ टक्क्यांना, म्हणजे जवळजवळ तितक्यांनाच. दुसऱ्या वर्षी मात्र ९.६ टक्क्यांना. बायपासनंतर दारू लवकर आणि जास्त चढते, हे त्यातले एक शारीरिक कारण. दुसरे बैठकीत बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. वर्षानुवर्षे ज्याने दुःख, कंटाळा, अपमान, एकटेपणा हे सारे घासाबरोबर गिळले, त्याचे जठर लहान झाले तरी दुःख लहान होत नाही. ते दुसरी वाट शोधते. आणि ही वाट बदलण्याची वेळ साधारणतः दुसऱ्या वर्षी येते. म्हणजे फुले-पेढे देणारे पाहुणे पांगलेले असतात, कपडे निम्म्या मापाचे झालेले असतात आणि ‘आता काय, सुटलास तू!’ असे सगळे म्हणू लागलेले असतात, नेमके तेव्हा. त्या वेळी मागचा रस्ता माहीत असलेला माणूस जवळ असणे हा सोपस्कार नव्हे; तो बचाव आहे.

आमच्या बैठकीत एक नियम आहे, आणि तो कोणी केला हे आता कोणाला आठवत नाही. औषध सांगायचे नाही. स्वतःचे काय झाले तेवढेच सांगायचे. हा नियम फार शहाणपणाचा आहे. अनुभवी माणसाला डॉक्टर होण्याचा मोह लवकर पडतो. एक ताई तिसऱ्या आठवड्यात रोज ओकत होत्या आणि घरी कळू नये म्हणून न्हाणीघराचा नळ सोडून ठेवत होत्या. ‘थोडे आल्याचे पाणी घ्या’ असे म्हणणे सोपे होते. पण जुन्यांपैकी एकीने त्यांचा हात धरला आणि म्हटले, ‘ताई, मीही नळ सोडायचे. उद्या नाही, आत्ता डॉक्टरांना फोन लावू.’ सतत ओकारी होत राहिली तर ब-१ जीवनसत्त्व संपते आणि त्याचा घाला मेंदूवर व मज्जातंतूंवर पडतो, हे त्या जुन्या बाईला शास्त्राने ठाऊक होते की नाही, मला माहीत नाही. नळ सोडणारा माणूस किती दिवस लपवू शकतो, हे मात्र तिला पक्के ठाऊक होते. डॉक्टरांना जे विचारूनही कळले नसते ते तिला न विचारता कळले.

दुसरा प्रसंग एका गृहस्थांचा. त्यांचे वजन ४८ किलोंनी उतरले होते आणि आमच्याकडे नवा माणूस आला की सगळे बोट त्यांच्याकडे दाखवीत. चौथ्या वर्षानंतर १७ किलो परत आले. असे काही प्रमाणात बहुतेकांचे होते. वजन एक-दोन वर्षांनी तळाला जाते आणि मग थोडेफार वर येते. पण ज्याला मखरात बसवले त्याला खाली उतरणे जड जाते. ते यायचे बंद झाले. आठ महिने गेले. आम्ही निरोप पाठवले. ‘येतो’ म्हणत, येत नसत. आणि एका संध्याकाळी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या हडपसरच्या एका मुलाने जुन्या यादीतला क्रमांक पाहून त्यांना फोन केला. ‘काका, तिसरा आठवडा चालू आहे. आज इडली चालेल का?’ काकांनी इडली किती, ती वरणात कशी कुस्करायची, किती चमच्यांनंतर थांबायचे, सारे सांगितले. दुसऱ्या दिवशी पोराचा पुन्हा फोन. असे नऊ दिवस चालले. महिनाअखेर तो म्हणाला, ‘काका, बैठकीला तुम्ही असालच ना? मी तिथे कोणाला ओळखत नाही.’

काका आले. मागच्या खुर्चीवर बसले आणि आपली पाळी आली तेव्हा म्हणाले, ‘वजन वाढलं म्हणून मी येत नव्हतो. पण या पोराने मला वजन विचारलंच नाही. त्याला इडलीची पडली होती.’ सगळे हसले, तेही हसले. पुढच्या वर्षात त्यांचे चार किलो उतरले. बाकीचे तेरा आहेत तेथेच आहेत. ही गोष्ट यशाची म्हणून मी सांगत नाही. अॅक्रनच्या हॉटेलात जे घडले तेच हडपसरच्या फोनवर घडले, म्हणून सांगतो. आम्ही सर्व जुन्यांनी त्या गृहस्थांना मदत देऊ केली होती, ती त्यांनी घेतली नाही. त्यांच्याकडे मदत मागणारा आला, तेव्हा ते उठले.

त्यानंतर माझे एक मत बनले. बैठकीत नव्यांना जुन्यांची गरज आहे हे उघड आहे, परंतु जुन्यांना नव्यांची गरज त्याहून अधिक आहे. नव्याच्या पाठीशी रुग्णालय असते, घरचे असतात, उतरणारा काटा असतो. जुन्याच्या पाठीशी यातले काही उरलेले नसते. त्याला रोजचे तेच मोजके जेवण, त्याच गोळ्या आणि तेच लग्नातले आग्रह. आपण जे सोसले त्याचा कोणाला तरी उपयोग आहे, एवढी एकच गोष्ट त्याला ताठ ठेवते.

शास्त्राची साक्ष काढायची तर ती काढतानाही प्रामाणिक राहिले पाहिजे. अशा बैठकींना नियमाने येणाऱ्यांचे वजन न येणाऱ्यांपेक्षा अधिक उतरते, असे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे. पण येणारे येतात म्हणून त्यांचे उतरते, की ज्यांचे उतरते तेच उत्साहाने येतात, हा प्रश्न त्याने सुटत नाही. आमच्या काकांचेच उदाहरण घ्या; त्यांचे वजन वाढले तेव्हा ते दिसेनासे झाले आणि कोणत्याही तक्त्यात त्यांची नोंद ‘अनुपस्थित’ एवढीच झाली असती. म्हणून मला वाटते की बैठकीचे माप हजेरीने घेऊ नये. गैरहजर माणसाला कोणी फोन करतो की नाही, यावरून घ्यावे. २०२५ सालापासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शने आपल्या बाजारातही आली आहेत. पुढे शस्त्रक्रिया कमी होतील असे कोणी म्हणतात. होतील किंवा न होतील. काटा कोणत्याही उपायाने उतरो, उतरलेल्या माणसाला पंक्तीत बसावे लागणारच आहे.

आता दिवाळी आली. घरोघरी चकलीचे घाणे निघतील, अनरशाचे पीठ मुरत असेल आणि पाटावर बसलेल्या पाहुण्याला ‘घ्या हो, एवढ्याने काय होतंय?’ असे म्हटले जाईल. दर वर्षी या सुमारास बैठकीत नवी माणसे एकच प्रश्न विचारतात: आग्रहाला तोंड कसे द्यावे? कोणी म्हणतो, डॉक्टरांचे नाव सांगावे. कोणी म्हणतो, पोट बिघडल्याचे सोंग करावे. गेल्या वर्षी कसब्यातल्या एका जुन्या बाईंनी जे उत्तर दिले ते मी वहीत उतरून ठेवले आहे. त्या म्हणाल्या, ‘मी पहिल्या पंगतीआधी आपलं वाटीभर खाऊन घेते, आणि मग पदर खोचून वाढायला उभी राहते. वाढणारीला कुणी आग्रह करत नाही.’

पूर्वी आपल्याकडे पहिल्या पंगतीत जेवलेली माणसे दुसऱ्या पंगतीला वाढत. दुसऱ्या पंगतीत कोण बसले आहे, त्याला काय सोसते आणि काय सोसत नाही, मीठ कोठे कमी पडले आहे, हे त्यांना चाखून ठाऊक असे. पंगती आता कार्यालयांतून गेल्या आणि थाळी हातात घेऊन रांगेत उभे राहण्याची पद्धत आली. या बैठकीत मात्र ती जुनी रीत अजून टिकून आहे. येत्या महिन्यात दोन नवी नावे यादीत आली आहेत. त्यांच्या पहिल्या फोनची पाळी हडपसरच्या त्या मुलाने आपण होऊन मागून घेतली आहे.